मुंबईच्या हिवाळ्यात समुद्राकाठचा बार निवडताना

मुंबईत हिवाळा म्हणून जे काही असते ते नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरपर्यंत टिकते, आणि नाशिक किंवा पुण्याहून आलेल्या पाहुण्याला त्याला हिवाळा म्हणणे थोडे धाडसाचे वाटते. जानेवारीतही दुपारी पारा तिशीच्या आसपास असतो; पहाटे सांताक्रूझला तो सोळा-सतरा अंशांपर्यंत उतरतो आणि कुलाब्याला त्याहून दोन-तीन अंश वरच राहतो. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश सेल्सियस नोंदले गेले होते, पण तशी थंडी शहराने पुन्हा पाहिली नाही. मात्र ही सौम्य हवाच संध्याकाळी उघड्यावर बसण्यासाठी सर्वांत सोयीची ठरते, कारण जून ते सप्टेंबर गच्च्यांवर ताडपत्री असते, ऑक्टोबर उकाड्यात जातो आणि मार्चनंतर ग्लासापेक्षा माणसालाच जास्त घाम फुटतो.

या साडेतीन महिन्यांत कुठे बसावे हे ठरवताना बहुतेक लोक मजला आणि भाव पाहतात: जितका उंच बार तितका देखावा चांगला, आणि जितका महाग तितका खास, असा सर्वसाधारण समज आहे. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. आधी दिशा पाहावी, मग सूर्यास्ताची वेळ, मग तिथी आणि वारा; मजला आणि भाव यांचा विचार त्यानंतर करावा. ही पहिली चार गणिते जुळली तर आठव्या मजल्यावरची साधी गच्चीही समाधान देते, आणि ती चुकली तर चौतिसाव्या मजल्यावरही माणूस भोवतालच्या इमारतींचे दिवे मोजत बसतो.

दिशेचा मुद्दा जरा सविस्तर सांगण्यासारखा आहे. सूर्य बरोबर पश्चिमेला मावळतो तो वर्षातून फक्त दोनदा, विषुवदिनांच्या सुमारास. मुंबईच्या अक्षांशावर डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो पश्चिमेपासून जवळपास २५ अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो आणि जूनमध्ये तितकाच उत्तरेकडे. मरीन ड्राइव्हवर या फरकाचा परिणाम स्पष्ट दिसतो. चर्चगेटच्या बाजूने पाहिले तर मलबार हिल आणि तिच्या टोकाचे राजभवन वायव्येकडे येतात, त्यामुळे मे-जूनमध्ये सूर्य टेकडीवरच्या इमारतींच्या मागे जातो, तर हिवाळ्यात तो मलबार हिल आणि नरीमन पॉइंट यांच्या मधल्या मोकळ्या पाण्यावर उतरतो. समुद्रात बुडणारा सूर्य मरीन ड्राइव्हवरून पाहायचा असेल तर त्यासाठी हेच महिने आहेत. इंटरकॉन्टिनेंटल हॉटेलच्या गच्चीवरील डोम या बारचे खरे भांडवल हेच आहे. ती गच्ची फार उंच नाही, पण समोर रस्ता आणि त्यापलीकडे थेट उपसागर असल्यामुळे मध्ये काहीच आड येत नाही, आणि अंधार पडल्यावर मरीन ड्राइव्हच्या दिव्यांची, म्हणजे राणीच्या हाराची, कमान दोन्ही बाजूंना पूर्ण दिसते. तिथे जागा राखताना नैर्ऋत्येकडे तोंड करून बसता येईल असे टेबल मागावे. नुसते ‘सी फेसिंग’ म्हटल्यास मलबार हिलकडे तोंड असलेली खुर्चीही मिळू शकते.

वरळीत हिशेब वेगळा आहे. फोर सीझन्सच्या ३४व्या मजल्यावरील एअर हा बार शहराचा विस्तार पाहण्यासाठी उत्तम आहे: एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला गिरण्यांच्या जमिनींवर उभे राहिलेले मनोरे. पण वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या मागे सूर्य मावळताना दिसेल अशी अपेक्षा घेऊन डिसेंबरात तिथे जाऊ नये, कारण तिथून सेतू उत्तरेकडे येतो आणि सूर्य नैर्ऋत्येकडे असतो. सेतूची मजा दिवे लागल्यानंतरची आहे. जुहूला हा प्रश्नच उद्भवत नाही. किनारा सरळ पश्चिमाभिमुख असल्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात कुठल्याही दिवशी सूर्य पाण्यातच जातो, आणि तिथली हॉटेले वाळूला लागून असल्यामुळे लाटांचा आवाजही बसल्या जागी येतो. नोव्होटेलमधील गड्डा दा विडा हे त्यातले परिचित ठिकाण आहे. कुटुंबासह, विशेषतः ज्येष्ठांना घेऊन जायचे असेल, तर उंच गच्चीपेक्षा जुहूचे असे जमिनीलगतचे बसणे मला अधिक योग्य वाटते.

आता वेळेबद्दल. मुंबईत सूर्यास्त सर्वांत लवकर होतो तो वर्षातील सर्वांत लहान दिवशी नव्हे, तर त्याच्या तीन-चार आठवडे आधी: नोव्हेंबरच्या अखेरीस तो सहाच्या ठोक्याला होतो, ३१ डिसेंबरला सहा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास, जानेवारीच्या शेवटी साडेसहाला आणि फेब्रुवारीच्या अखेरीस पावणेसातच्या जरा आधी. त्यानंतरचा संधिप्रकाश आपल्याकडे जेमतेम वीस-पंचवीस मिनिटे राहतो. ऑफिस सुटल्यावर निघून सात वाजता पोहोचणाऱ्या माणसाला म्हणूनच नोव्हेंबर-डिसेंबरात काहीही मिळत नाही, तर फेब्रुवारीत निदान उजेडाची शेवटची रेघ तरी मिळते. कामाच्या दिवशी जायचे असल्यास फेब्रुवारी निवडावा, आणि डिसेंबरातली संध्याकाळ सुट्टीच्या दिवसासाठी राखून ठेवावी. सूर्यास्ताच्या निदान पाऊण तास आधी टेबलावर असणे आवश्यक आहे, कारण लिफ्ट, तपासणी, बसण्याची व्यवस्था आणि पहिली ऑर्डर यांतच अर्धा तास जातो.

यात धुरक्याचा अडथळा गृहीत धरावा लागतो. हिवाळ्यात जमिनीलगतची हवा थंड आणि तिच्यावरची उबदार अशी उलटी रचना होते, वारे मंद पडतात, आणि बांधकामांची धूळ व वाहनांचा धूर शहरावरच साचून राहतो. अशा दिवशी सूर्य क्षितिजाला टेकण्याआधीच, दहा-पंधरा मिनिटे अगोदर, तांबूस होऊन करड्या पट्ट्यात विरून जातो. दुपारी घराच्या खिडकीतून दूरच्या इमारती पुसट दिसत असतील तर संध्याकाळी उंच गच्चीवर पैसे खर्च करण्यात अर्थ नाही. त्या दिवशी जुहूची वाळू किंवा बंदराची बाजू बरी. ज्यांना दमा आहे त्यांनी त्या दिवसाचा हवेचा निर्देशांक पाहूनच निघावे. दिवसभर चांगला वारा वाहिला असेल तर मात्र बेत पुढे ढकलू नये, कारण अशा स्वच्छ संध्याकाळी हिवाळ्यात मोजक्याच असतात.

भरती-ओहोटीचा विचार बारमध्ये जाताना कोणी करत नाही, आणि तरीही जुहू किंवा मरीन ड्राइव्हच्या देखाव्यात सर्वांत मोठा फरक तिनेच पडतो. यासाठी कोकणातला जुना हिशेब पुरेसा आहे: तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची वेळ तासांत मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून शुक्ल असो वा कृष्ण, अष्टमीच्या आसपास संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती असते. ती भांगाची भरती असल्यामुळे फार उसळत नाही, पण पाणी मरीन ड्राइव्हच्या टेट्रापॉडपर्यंत, म्हणजे कठड्याखालच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांपर्यंत, आलेले असते आणि सूर्यप्रकाशाची पाण्यावरची वाट थेट कठड्यापर्यंत पोहोचते. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती दुपारी बाराच्या आसपास होऊन गेलेली असते आणि सूर्यास्ताच्या वेळी समुद्र दूर ओसरलेला असतो. वांद्र्याच्या बॅन्डस्टँडला त्या वेळी काळे खडक उघडे पडतात आणि वासही येतो, पण जुहूला हीच वेळ सुंदर असते, कारण ओल्या वाळूच्या रुंद पट्ट्यात अख्खे आकाश उतरते. थोडक्यात, मरीन ड्राइव्हसाठी सप्तमी ते नवमी, जुहूसाठी पौर्णिमा किंवा अमावास्येच्या मागचे-पुढचे दोन दिवस. कालनिर्णयाचा हा उपयोग त्याच्या कर्त्यांना अभिप्रेत नसावा, पण तो चोख चालतो.

पौर्णिमेला आणखी एक पर्याय उपलब्ध असतो, आणि तो पश्चिमेकडे पाठ करून बसण्याचा आहे. अपोलो बंदर, म्हणजे गेटवेचा किनारा, पूर्वाभिमुख आहे. तिथे सूर्यास्त दिसत नाही म्हणून सूर्यास्तप्रेमी ते टाळतात. परंतु हिवाळ्यातील पौर्णिमेचा चंद्र ईशान्येकडून उगवतो आणि गेटवेच्या परिसरातून नेमक्या त्याच दिशेला घारापुरीचे बेट आहे. मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे दत्तजयंतीला, किंवा पौष पौर्णिमेला सूर्यास्ताच्या सुमारास चंद्र वर येतो. दुसऱ्या दिवशी, प्रतिपदेला, तो साधारण पाऊण ते एक तास उशिरा उगवतो, म्हणजे पूर्ण अंधारात, बंदरात नांगरलेल्या जहाजांच्या दिव्यांवरून. या दोहोंत मी प्रतिपदा पसंत करेन. हार्बर व्ह्यू हॉटेलच्या गच्चीवरील बेव्ह्यू हे इथले साधेसे ठिकाण आहे. तिथे बसण्याचा खर्च पंचतारांकित गच्चीच्या तुलनेत बराच कमी येतो. ४ डिसेंबरच्या नौदल दिनाच्या आसपास गेटवेजवळ कार्यक्रम आणि बंदोबस्त असतो, त्यामुळे ते दिवस चौकशी करूनच निवडावेत.

वाऱ्याचे वेळापत्रकही शाळेतल्या भूगोलाप्रमाणेच चालते. दुपारनंतर समुद्रावरून खारे वारे येतात आणि संध्याकाळी ते मंदावतात; रात्र चढल्यावर जमिनीवरून मतलई वारे सुरू होतात. या दोहोंच्या मध्ये, साधारण आठ ते दहा, हवा बऱ्याचदा अगदी पडलेली असते, आणि तेव्हा शेजारच्या टेबलावरचा सिगारेटचा धूर तिथेच रेंगाळतो. त्यामुळे आरक्षण करतानाच धूम्रपानाचा भाग कुठे आहे हे विचारावे. दहानंतर मतलई वाऱ्यात उंच गच्चीवर चांगलाच गारवा जाणवतो. अंगावर एखादी ओढणी किंवा पातळ जाकीट असल्यास उठण्याची घाई होत नाही. खाडी किंवा तलावाच्या काठी डासही येतात, तेव्हा पवईला जाताना पाय झाकलेले बरे. मोठ्या हॉटेलांच्या बारमध्ये पुरुषांना चप्पल आणि अर्धी विजार चालत नाही, हे जुहूला वाळूवर फिरून थेट वर जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

काय प्यावे हा ज्याच्या त्याच्या आवडीचा विषय आहे, परंतु उघड्यावर बसण्याचे काही व्यावहारिक नियम आहेत. ६५० मिलीची बिअरची बाटली एकट्याने घेतल्यास शेवटचा तिसरा हिस्सा कोमट होतो, म्हणून ३३० मिलीचा पाइंट घ्यावा, जरी हिशेबाने तो महाग पडत असला तरी. रेड वाइन ‘रूम टेंपरेचर’ला द्यावी हा संकेत थंड देशांतल्या खोल्यांचा आहे, मुंबईच्या गच्चीवर तिला पंधरा मिनिटे बर्फाच्या बादलीत ठेवायला निःसंकोच सांगावे. नाशिकच्या वाइन बहुतेक सर्व ठिकाणी मिळतात आणि त्यातली पांढरी सोव्हिन्यों ब्लां तळलेल्या मासळीबरोबर छान जाते. डिसेंबर ते मार्च हा महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा हंगाम आहे, त्यामुळे ताज्या फळाचे कॉकटेल मागायचे असेल तर हेच दिवस. बारमध्ये सिरप वापरतात की फळ, हे विचारण्यात संकोच नसावा. न पिणाऱ्याने कोकम सरबत किंवा सोलकढी मागितली तर ती आता बऱ्याच ठिकाणी मिळते. चखण्यात शेंगदाणे आणि मसाला पापड यांवर थांबू नये. बोंबील किंवा कोळंबी गरमागरम तळलेली मागवावी, मात्र एकेक बशी करून, कारण वाऱ्यावर तळलेला पदार्थ पाच मिनिटांत मऊ पडतो. दर ग्लासामागे एक ग्लास पाणी प्यावे, कारण खाऱ्या वाऱ्यात तहान कळत नाही. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर किंवा गेटवेला हिवाळ्यात येणाऱ्या कुरव पक्ष्यांना शेव-गाठी टाकण्याची टूम आहे; ती गच्चीवर तरी आणू नये, पक्षी टेबलावर उतरू लागतात आणि त्यांच्यामागे कावळे येतात.

कायद्याची बाजू लोक हसण्यावारी नेतात, पण ती माहीत असावी. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी अधिनियम आजही लागू आहे आणि मद्य पिण्यासाठी परवाना लागतो. विदेशी मद्याचा एक दिवसाचा परवाना पाच रुपयांचा, वर्षाचा शंभर रुपयांचा आणि आजीवन परवाना एक हजार रुपयांचा आहे. बारमध्ये तो मागून घेता येतो. बिअर आणि वाइनसाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात, इतर मद्यासाठी २५. त्यामुळे महाविद्यालयीन मुलांच्या गटाने ओळखपत्र बरोबर ठेवावे आणि वेटरने व्हिस्की नाकारल्यास वाद घालू नये. बारमधून बाहेर पडताना ग्लास किंवा बाटली घेऊन वाळूवर अथवा कठड्यावर जाऊ नये, कारण सार्वजनिक जागी मद्यपान हा गुन्हा आहे.

तारखा ठरवताना कोरड्या दिवसांची त्या वर्षीची यादी पाहून घ्यावी. प्रजासत्ताक दिनाला, म्हणजे २६ जानेवारीला, मद्य मिळत नाही. ३० जानेवारी आणि नोव्हेंबरच्या आसपास येणारी कार्तिकी एकादशी याही दिवशी महाराष्ट्रात बंदी असते. आणि निवडणूक आली की मतदान संपण्याआधीचे ४८ तास बंद. जानेवारीत मॅरेथॉनच्या रविवारी पहाटेपासून दक्षिण मुंबईतील रस्ते बंद होतात, तेव्हा आदल्या शनिवारी रात्री फार वेळ बसू नये. ३१ डिसेंबरबद्दल माझे मत स्पष्ट आहे: त्या रात्री गच्चीवरचा देखावा पाहायला जाऊच नये. पॅकेजचे दर कित्येक पट होतात, कठड्याजवळचे टेबल मिळत नाही आणि समुद्राऐवजी मोबाइलचे पडदे दिसतात. त्याच आठवड्यातील मंगळवार किंवा बुधवार निवडल्यास तीच गच्ची निम्म्या गर्दीत मिळते. शिवाय ज्यांना संगीतापेक्षा गप्पा हव्या आहेत त्यांना हे ठाऊक असावे की ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार उघड्यावरचे ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावे लागतात. वर्षातले मोजके दिवस सोडले तर दहानंतरची गच्ची शांत असते, आणि कित्येक ठिकाणी डीजे आत हलवला जातो.

एक गोष्ट गांभीर्याने करावी. २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिल आवारातील गच्चीवरच्या पबला आग लागली आणि १४ जणांचा जीव गेला. त्यांपैकी बरेच जण स्वच्छतागृहाच्या दिशेने गेले होते आणि तिथे धुराने गुदमरले. तेव्हा कोणत्याही गच्चीवर पोहोचल्यावर, बसण्याआधी, जिना कुठे आहे आणि त्याचे दार उघडते का हे प्रत्यक्ष पाहून घ्यावे. बांबू, ताडपत्री किंवा कापडाचे छत असेल आणि त्याखाली निखाऱ्यांचा हुक्का किंवा आगीचे खेळ चालू असतील, तर तिथून उठून दुसरीकडे जावे; आरक्षणाचे पैसे बुडाले तरी हरकत नाही.

बिल मागण्यापूर्वी दोन बाबी तपासाव्यात. मद्य जीएसटीच्या कक्षेबाहेर आहे, त्यामुळे त्यावर व्हॅट आणि खाद्यपदार्थांवर जीएसटी असे दोन वेगळे हिशेब दिसायला हवेत. सेवाशुल्क ऐच्छिक आहे. ते बिलात परस्पर घातले असल्यास काढायला सांगता येते, आणि टीप थेट वेटरच्या हाती देता येते.

परतीची सोय निघण्याआधी ठरलेली असावी. गाडी चालवणाऱ्याच्या १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल आढळल्यास पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मरीन ड्राइव्हवर नाकाबंदी असतेच. चर्चगेट आणि वरळी ही दोन्ही ठिकाणे आता मेट्रो ३वर आहेत, पण तिची शेवटची गाडी साडेदहाच्या सुमारास सुटते. चर्चगेटहून उपनगरांकडे जाणारी शेवटची लोकल रात्री एकच्या आसपास असते. टॅक्सी मागवायची असेल तर मरीन ड्राइव्हच्या समुद्राकडच्या बाजूला उभे राहू नये, तिथे गाड्या थांबू शकत नाहीत. हॉटेलच्या मागच्या गल्लीतला पत्ता द्यावा आणि चालकाला फोन करून तो एकदा सांगावा.